रक्तातून मागची साथ वाचायची कशी: सेरो सर्वेक्षण पायरीपायरीने

सेरो सर्वेक्षण म्हणजे लोकांचं रक्त घेऊन त्यात एखाद्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी) शोधणं. त्याचा अहवाल हाती आला की बहुतेक जण आधी एकच आकडा शोधतात: किती टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली? मग त्यालाच 'इतक्या लोकांना आजार होऊन गेला' असं म्हणून मोकळे होतात. गाडी घसरते ती इथेच. होऊन गेलेली लागण आणि सापडलेली प्रतिपिंडं यांच्यामध्ये चाचणीच्या चुका, निवडलेली माणसं, लस आणि काळाबरोबर विरत जाणारी प्रतिपिंडं अशा चार गाळण्या असतात. शिवाय रक्तात तारीख नसते. लागण मागच्या महिन्यात झाली की वीस वर्षांपूर्वी, हे 'पॉझिटिव्ह' हा शब्द सांगत नाही.

चुका उघड होतात विश्लेषणाच्या वेळी, पण बहुतेक घडलेल्या असतात पहिली सुई टोचण्याआधी. म्हणून तयारीच्या पायऱ्या घाईने ओलांडू नका.

## १. 'केव्हा' कशावरून कळणार, ते आधी ठरवा

मागचा प्रसार काळानुसार उलगडायचा तर घड्याळ लागतं. अशी घड्याळं तीनच आहेत.

पहिलं घड्याळ म्हणजे वय. दहा वर्षांच्या मुलाचं रक्त मागच्या दहा वर्षांपुरतं बोलतं, पन्नाशीच्या माणसाचं पन्नास वर्षांचं. गोवर, रुबेला, चिकुनगुन्या, डेंग्यू यांसारख्या, वर्षानुवर्षं टिकणारी प्रतिपिंडं मागे ठेवणाऱ्या आजारांना हे घड्याळ चालतं.

दुसरं म्हणजे फेऱ्या. त्याच लोकवस्तीत ठरावीक अंतराने पुन्हा रक्त घ्यायचं आणि दोन फेऱ्यांमधला फरक मोजायचा. तीच माणसं पुन्हा मिळाली तर उत्तम, नाहीतर त्याच पद्धतीने निवडलेली नवी माणसं.

तिसरं म्हणजे प्रतिपिंडांची पातळी. लागणीनंतर पातळी चढते आणि मग ठरावीक वेगाने उतरते. हा उतार माहीत असेल तर आजच्या पातळीवरून लागण किती जुनी, याचा अंदाज बांधता येतो. टायफॉइड, कॉलरा, डांग्या खोकला यांत प्रतिपिंडं लवकर उतरतात, म्हणून तिथे वयाचं घड्याळ फसवं ठरतं आणि पातळीचं कामी येतं.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. 'मागच्या २० वर्षांत मोठ्या साथी साधारण कोणत्या वर्षी आल्या?' आणि 'मागच्या १२ महिन्यांत किती जणांना लागण झाली?' हे दोन वेगळे अभ्यास आहेत. एकाच्या आराखड्यातून दुसऱ्याचं उत्तर निघत नाही.

## २. कोणतं प्रतिपिंड मोजायचं

बाजारात जे किट मिळतं तेच घेऊन कामाला लागणं ही दुसरी नेहमीची चूक. प्रतिपिंड कुठल्या अँटिजेनविरुद्धचं (जंतूच्या ज्या भागाला शरीर ओळखतं त्याविरुद्धचं) आहे, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो.

हिपॅटायटिस बी हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. लशीत फक्त पृष्ठभागावरचं अँटिजेन असतं, त्यामुळे लस घेतलेल्याच्या रक्तात तेवढंच प्रतिपिंड दिसतं. विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंड सापडलं तर खरी लागण होऊन गेली, असं समजायचं. कोविडमध्येही तोच विचार: स्पाइक या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर आधारलेल्या लशींनी न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं तयार होत नाहीत, म्हणून ती लागणीची खूण. पण संपूर्ण निष्क्रिय विषाणू वापरलेल्या लशींनी दोन्ही तयार होऊ शकतात. तिथे ही खूण उपयोगाची नाही. गोवर-रुबेलात तर साध्या आयजीजी (दीर्घकाळ टिकणारा प्रतिपिंडांचा प्रकार) चाचणीने लस आणि लागण वेगळी करताच येत नाही. तिथे लसीकरणाची नोंद हाताशी नसेल तर आकडा फार तर 'प्रतिकारशक्ती किती' हे सांगेल, प्रसार नाही.

सरमिसळ हा आणखी एक सापळा. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू. एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या एलायझात (प्रतिपिंडं मोजण्याच्या नेहमीच्या लॅब चाचणीत) पॉझिटिव्ह येतात. असे दोन विषाणू एकाच भागात फिरत असतील तर निदान काही नमुन्यांवर विषाणू निष्प्रभ करण्याची चाचणी करून पाहा. ती वेळखाऊ आणि महाग आहे, पण न केल्यास नक्की कोणाचा इतिहास लिहिताय हेच कळणार नाही.

आयजीएमच्या, म्हणजे लागणीनंतर लवकर दिसणाऱ्या प्रतिपिंडांच्या, मोहात पडू नका. ताज्या लागणीसाठी ते ठीक. पण ते लवकर ओसरतं आणि खोटे पॉझिटिव्हही जास्त देतं. मागचा प्रसार शोधायला मुख्य भर आयजीजीवरच हवा.

## ३. किटची परीक्षा, मैदानात जाण्याआधी

संवेदनशीलता म्हणजे खरोखर लागण होऊन गेलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते. विशिष्टता म्हणजे लागण न झालेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह म्हणते. किटच्या माहितीपत्रकावर दोन्ही आकडे छापलेले असतात. त्यांवर विसंबू नका. कारणं दोन.

एक, संवेदनशीलता बहुधा रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या रक्तावर मोजलेली असते. आजार जितका तीव्र, तितकी प्रतिपिंडं सहसा जास्त. सर्वेक्षणात भेटणारी माणसं मात्र बहुतेक सौम्य किंवा लक्षणंच नसलेली. त्यांच्यावर तीच चाचणी लंगडी पडते. म्हणून पॉझिटिव्ह नमुन्यांच्या संचात सौम्य लागणीचे आणि लागणीला सहा महिने, वर्ष उलटलेले नमुने हवेतच.

दोन, विशिष्टता स्थानिक असते. तुमच्या भागात फिरणारे भाईबंद विषाणू किट बनवणाऱ्याच्या निगेटिव्ह संचात नसतात. सगळ्यात चांगले निगेटिव्ह नमुने म्हणजे त्याच भागातलं, रोग यायच्या आधी साठवलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव). २००९ च्या एच१एन१ इन्फ्लूएंझाच्या वेळी अशाच जुन्या नमुन्यांतून दिसलं की अनेक वृद्धांच्या रक्तात जुळणारी प्रतिपिंडं साथीच्या आधीपासूनच होती. ते तपासलं नसतं तर त्या सगळ्यांना नव्या साथीच्या खात्यावर टाकलं गेलं असतं.

निगेटिव्ह नमुने किती घ्यायचे? वाटतात त्यापेक्षा जास्त. २०० निगेटिव्ह नमुन्यांत ४ खोटे पॉझिटिव्ह आले तर विशिष्टता ९८ टक्के दिसते, पण तिचा ९५ टक्के विश्वास-पट्टा (खरा आकडा ज्यात असण्याची दाट शक्यता आहे तो पल्ला) साधारण ९५ ते ९९.५ टक्के इतका रुंद असतो. या रुंदीची किंमत सातव्या पायरीत मोजावी लागते.

> सावधान: रोगाचा प्रसार कमी असताना विशिष्टतेला जपा, भरपूर असताना संवेदनशीलतेला. दोन्ही एकाच वेळी वाढत नाहीत. कटऑफ (कुठल्या पातळीपासून पॉझिटिव्ह म्हणायचं ती रेषा) एकीकडे सरकवला की दुसरीकडे तोटा होतोच.

## ४. माणसं निवडणं

रक्तदाते, रुग्णालयात इतर कारणाने आलेले, समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून आलेले स्वयंसेवक. हे नमुने सहज मिळतात, म्हणून वापरले जातात. रक्तदात्यांत मुलं नसतात, वृद्ध कमी असतात. जाहिरातीवरून येणाऱ्यांत 'मला होऊन गेला असावा' अशी शंका असलेले जास्त. नंतर वय-लिंगानुसार वजन लावून (लोकसंख्येतल्या प्रमाणाप्रमाणे प्रत्येक गट कमी-जास्त मोजून) थोडं सावरता येतं, पण 'का आला' या कारणाला वजन लावता येत नाही.

शक्य असेल तर घरोघरी, यादृच्छिक निवड करा. संख्येचा हिशोब असा: अंदाजे प्रसार २० टक्के, हवी असलेली अचूकता अधिक-उणे ३ टक्के, म्हणजे साध्या यादृच्छिक निवडीत ६८३ जण. पण निवड वस्त्यांच्या गटांनी होते आणि एका वस्तीतली माणसं संसर्गाच्या बाबतीत एकमेकांसारखी असतात. दर गटात ३० जण आणि गटातलं साम्य ०.०५ धरलं तर संख्या (१ + २९ × ०.०५) म्हणजे २.४५ पटीने वाढवावी लागते: १,६७४. शंभरातले १५ नकार देतील असं धरलं तर गाठायची माणसं १,९७०. पहिल्या ६८३ वरच थांबणारे आराखडे अजूनही दिसतात. हे गणित एका एकत्रित टक्केवारीपुरतं आहे, हेही लक्षात ठेवा.

वयाचं घड्याळ वापरणार असाल तर प्रत्येक वयोगटात पुरेशी माणसं हवीत, लोकसंख्येत त्यांचं प्रमाण कितीही असो. लहान मुलांचं रक्त घ्यायला सगळेच कचरतात, आणि नेमकी तीच सगळ्यात मोलाची, कारण अलीकडच्या वर्षांची साक्ष फक्त त्यांचीच स्वच्छ असते. मात्र एक वर्षाखालची बाळं वगळा. त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं असू शकतात.

प्रश्नावली छोटी ठेवा. पण चार गोष्टी सोडू नका: जन्मतारीख ('वय' नव्हे), लशींच्या तारखा, इथे किती वर्षं राहताय, आणि त्याआधी कुठे होता. शेवटचे दोन प्रश्न विसरले जातात आणि मग दुसरीकडे झालेली लागण या गावच्या इतिहासात शिरते.

## ५. रक्त घेणं आणि सांभाळणं

शिरेतून रक्त घेणार असाल तर ते गोठायला साधारण अर्धा तास द्या, सेंट्रिफ्यूज करा आणि सीरम दोन-तीन छोट्या नळ्यांत विभागून गोठवा. एकच मोठी नळी ठेवली तर प्रत्येक चाचणीला ती वितळते, पुन्हा गोठते, आणि प्रतिपिंडं खराब होतात.

बोट टोचून फिल्टर पेपरवर थेंब घेणं मैदानात सोपं. पण थेंबावर थेंब टाकू नका, वर्तुळ एका थेंबात भरू द्या. कागद सावलीत, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवा. ओला कागद पिशवीत घातला की काम संपलं. पिशवीत ओलावा शोषणारी पुडी आणि ओलावा दाखवणारं कार्ड दोन्ही टाका. आणि किटची परीक्षा सीरमवर झाली असेल तर ती कागदावरच्या रक्तासाठी पुन्हा करा.

तपासा: नमुन्यावरचा क्रमांक, प्रश्नावलीवरचा क्रमांक आणि संमतिपत्रावरचा क्रमांक तिथल्या तिथे, माणूस समोर असताना जुळवा. संध्याकाळी जुळवू म्हटलं की जुळत नाहीत.

## ६. लॅबमध्ये

दोनच सूचना, पण दोन्ही मोडल्या जातात.

नमुने प्लेटवर (अनेक नमुने एकदम तपासायच्या खाचांच्या पट्टीवर) मिसळून लावा. सगळी मुलं एका प्लेटवर आणि सगळे वृद्ध दुसऱ्या प्लेटवर गेले, तर प्लेटमधला फरक वयातला फरक म्हणून दिसेल. प्रत्येक प्लेटवर तेच कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) आणि शक्य असेल तिथे आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याशी जोडलेला कंट्रोल ठेवा.

आणि मोजलेला मूळ आकडा जपा. नुसतं 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' लिहून घेणारी लॅब तुमचं अर्धं सर्वेक्षण फेकून देते. कटऑफ नंतर बदलावा लागेल, पातळीचं घड्याळ वापरावं लागेल, सीमारेषेवरचे नमुने पुन्हा बघावे लागतील. मूळ आकडे नसतील तर यातलं काहीच जमणार नाही.

## ७. कच्च्या टक्केवारीची दुरुस्ती

रोगन आणि ग्लॅडेन यांनी १९७८ मध्ये मांडलेलं सूत्र इथे वापरतात. शब्दांत सांगायचं तर: कच्चं प्रमाण अधिक विशिष्टता वजा १, त्याला संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १ ने भागायचं.

समजा संवेदनशीलता ८५ टक्के, विशिष्टता ९८ टक्के आणि कच्चा आकडा ३ टक्के. तर (०.०३ + ०.९८ − १) ÷ (०.८५ + ०.९८ − १) = ०.०१ ÷ ०.८३, म्हणजे सुमारे १.२ टक्के. सापडलेल्यांतले बहुतेक पॉझिटिव्ह खोटे होते! आता तिसऱ्या पायरीतला पट्टा आठवा. विशिष्टता ९९.५ टक्के असेल तर उत्तर जवळपास ३ टक्के येतं. ९५ टक्के असेल तर शून्याखाली जातं. म्हणजे रक्त हजारोंचं घेतलं तरी उत्तर ठरतं त्या २०० निगेटिव्ह नमुन्यांवर.

२०२० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या कोविड सर्वेक्षणावरून वाद झाला तो याच मुद्द्यावर. ३,३३० जणांपैकी ५० पॉझिटिव्ह, म्हणजे १.५ टक्के. किटची विशिष्टता ४०१ निगेटिव्ह नमुन्यांवर मोजलेली होती, त्यांत २ खोटे पॉझिटिव्ह. एवढ्या नमुन्यांवरून खोट्या पॉझिटिव्हच्या प्रमाणाची वरची मर्यादा दीड टक्क्याच्या पुढे जाते. शिवाय माणसं आली होती फेसबुकवरच्या जाहिरातीतून. चौथी पायरी आणि सातवी पायरी एकत्र चुकली की काय होतं, ते यात दिसतं.

क्रमाबद्दल: वजन आणि चाचणीची दुरुस्ती वेगवेगळ्या वेळी करून अनिश्चितता मध्येच सोडून देऊ नका. माझ्या मते बेझियन मॉडेलमध्ये (प्रत्येक आकड्याची अनिश्चितता सोबत घेऊन चालणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) दोन्ही एकत्र बसवणं सगळ्यात सरळ. सूत्राने उणे उत्तर आलं म्हणून गुपचूप शून्य लिहिणं तेवढं टाळा.

## ८. वयाच्या आलेखातून मागे जाणं

खरं काम इथे सुरू होतं. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर दुरुस्त केलेलं प्रमाण. मॉडेल लावण्याआधी हा आलेख नुसता डोळ्यांनी पाहा.

सतत फिरणारा रोग. दर वर्षी अजून न लागलेल्यांपैकी ५ टक्क्यांना लागण होते असं धरा. मग दहाव्या वर्षी सुमारे ४० टक्के, विसाव्या वर्षी ६४, तिसाव्या वर्षी ७९ टक्के पॉझिटिव्ह. आधी चढा आणि नंतर मंदावणारा वक्र. या वार्षिक दराला क्षेत्रातले लोक 'फोर्स ऑफ इन्फेक्शन' म्हणतात, आणि अशा मॉडेलला 'कॅटॅलिटिक'.

एकदाच आलेली साथ. बारा वर्षांखालच्या मुलांत प्रमाण जवळपास शून्य आणि त्यावरच्या सगळ्या वयांत सपाट ४५ टक्के, अशी पायरी दिसली तर साधारण बारा वर्षांपूर्वी साथ येऊन गेली आणि नंतर फारसं काही फिरलं नाही. दोन पायऱ्या म्हणजे दोन साथी. चिकुनगुन्यासारख्या, मधली वर्षं शांत बसून एकदम उसळणाऱ्या रोगात असे आलेख मिळतात.

आता सापळे.

पहिला, विरणारी प्रतिपिंडं. लागणीचा दर वर्षाला ५ टक्के कायम आहे, पण दर वर्षी २ टक्के पॉझिटिव्ह पुन्हा निगेटिव्ह होतात असं धरा. प्रमाण कितीही वय वाढलं तरी ७१ टक्क्यांच्या वर जात नाही. दहाव्या वर्षी ३७ टक्के, चाळिसाव्या वर्षी ६७ ते ६८. विरणं विसरून दर काढला तर दहा वर्षांच्या मुलांवरून ४.५ टक्के येतो, चाळिशीच्या लोकांवरून २.८. वाचणारा म्हणेल, 'पूर्वी रोग कमी होता, अलीकडे वाढला.' प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नाही. रोगाचा दर तोच, फक्त रक्ताची आठवण कच्ची.

फेऱ्यांच्या घड्याळातही हाच घोळ होतो. ब्राझीलच्या मानौस शहरातल्या रक्तदात्यांवरून जून २०२० मध्ये ४४ टक्के लोकांत शोधता येण्याजोगी प्रतिपिंडं दिसली. चाचणीतून सुटलेले आणि विरलेले धरून संशोधकांनी जूनचा अंदाज ६६ टक्के आणि ऑक्टोबरचा ७६ टक्के मांडला. एवढी मोठी दुरुस्ती म्हणजे उत्तराचा मोठा भाग मोजमापातून नव्हे, गृहीतकातून आलेला. त्यात नमुना रक्तदात्यांचा. २०२१ च्या सुरुवातीला त्याच शहरात पुन्हा मोठी लाट आली. त्यावर बरेच खुलासे पुढे आले, आणि 'मूळ अंदाजच जास्त असेल' हा त्यातला एक होता.

दुसरा, वय आणि काळ यांची गुंतवळ. पंधरा ते पंचवीस या वयात प्रमाण झपकन चढताना दिसलं, तर साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांपूर्वी साथ आली असेल, किंवा रोगच त्या वयात लागणारा असेल. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या हर्पीस विषाणूचा वक्र तारुण्यात चढतो तो साथीमुळे नाही. एकाच वेळच्या सर्वेक्षणातून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी काही वर्षांनी दुसरी फेरी हवी: चढ त्याच वयावर राहिला तर वयाचा परिणाम, वयाबरोबर पुढे सरकला तर काळाचा.

तिसरा, मॉडेलची हाव. पाच वयोगटांचे पाच आकडे असताना दर वर्षाचा वेगळा दर काढायला जाऊ नका. 'आर' या सांख्यिकीच्या संगणकभाषेत 'सेरोफॉय'सारखी तयार पॅकेजं आहेत, ती आकडा देतातच. आधी कायम दराचं साधं मॉडेल लावा, मग टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या दराचं, आणि अवघड मॉडेल खरंच चांगलं बसतंय का ते तुलना करून पाहा. विरण्याचा दर याच आलेखातून काढण्यापेक्षा, तीच माणसं पुन्हा तपासलेल्या वेगळ्या अभ्यासातून घ्या.

> सावधान: आयजीजी दिसायला लागणीनंतर साधारण दोन-तीन आठवडे लागतात. साथ चालू असताना घेतलेलं रक्त आजचं चित्र दाखवत नाही.

## ९. बाहेरच्या पुराव्याशी ताळा

मॉडेल म्हणतं बारा वर्षांपूर्वी साथ आली. मग त्या वर्षीच्या रुग्णनोंदी, तापाच्या नोंदी, मृत्यूनोंदी काय म्हणतात? जुळल्या तर चांगलं. नाही जुळल्या तर आधी लसीकरण मोहिमेची तारीख बघा. आलेखातली 'पायरी' पुष्कळदा साथीची नसून मोहिमेची असते. एक हुकमी ताळा धनुर्वाताचा आहे. धनुर्वात होऊन गेल्यानेही प्रतिकारशक्ती येत नाही, ती लशीनेच येते. त्यामुळे त्याच रक्तातली धनुर्वाताची प्रतिपिंडं लसीकरणाच्या नोंदी कितपत खऱ्या, ते सांगतात.

मृत्यूदर काढणार असाल तर एक गोष्ट आणखी: जे दगावले ते सर्वेक्षणात नाहीत. जास्त घातक आजारात, विशेषतः वृद्धांमध्ये, यामुळे लागण कमी दिसते.

## १०. अहवालात काय छापायचं

कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही, शेजारी शेजारी. किटचं नाव, कटऑफ, परीक्षेचे नमुने किती आणि कुठले. किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला. रक्त घेतल्याच्या तारखा. विरण्याचा दर किती धरला, आणि तो अर्धा किंवा दुप्पट धरला तर उत्तर किती हलतं, याचा एक तक्ता. वयोगटवार मोजणी परिशिष्टात द्या, टक्केवारी नव्हे तर पॉझिटिव्ह किती आणि एकूण किती. पाच वर्षांनी दुसरी फेरी घेणाऱ्याला सगळ्यात आधी हाच तक्ता लागणार आहे.